देवमनवर वस्तीचा बहिष्कार

राजापेठ, अमरावती
६ नोव्हेंबर १९६२

चि. देवमन यास जानरावमामाचा जयभीम.

तुझे कार्ड पोहोचले. मुंबईच्या संस्थेने तुझे नाव घेतले, कारखाना-व्यवस्थापनाच्या पदविकेचे पहिले चार धडे टपालात पडले, हे वाचून मी बसल्या जागेवरूनच तुझ्या मामीला हाक मारली. दुर्गा चुलीपाशी होती.

"म्हंजे देवमन आता मॅनेजर होईन काय?"

"होईल."

"कालेजात न जाता?"

"कॉलेज पोस्टमनच्या थैलीत बसून त्याच्याकडे येते आहे."

तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळले नाही. खरे सांगतो, मीही तसाच थक्क होऊन बसलो होतो. मी शिकलो तो वर्गाबाहेर, व्हरांड्यात, खिडकीतून फळा पाहत. मास्तर मध्ये आले की फळा दिसत नसे. आणि आता, मी जिवंत असताना, शाळा स्वतः चालत आपल्या दाराशी येते, आपले नाव विचारते, कडी वाजवते! देवमन, इतिहासाची मी पुष्कळ पुस्तके वाचली. राज्ये उलटलेली वाचली. पण ही गोष्ट मला त्या सगळ्यांहून मोठी वाटते.

तेव्हा आता ऐक. तू अकोल्याच्या सोसायटीच्या कापसाच्या जिनमध्ये टाइमकीपर आहेस. रुई निघते, सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि तू फक्त कोण केव्हा आले ते लिहितोस. ६४ च्या जूनमध्ये सहायक व्यवस्थापकाची जागा भरणार आहेत आणि पदविका असेल त्याचाच अर्ज घेणार आहेत, असे तूच लिहिलेस. आपल्यातला माणूस त्या खुर्चीवर अजून बसलेला नाही. म्हणून दार लाव. कोणाला आत घेऊ नकोस. शालूलाही सांग, नवरा दोन वर्षे घरात असून नसल्यासारखा आहे. ज्ञान एकट्यानेच मिळवावे लागते.

तुझा,
जानराव

*

अकोला
२ डिसेंबर १९६२

आदरणीय मामाजी, सविनय जयभीम.

दार लावायला सांगितलंत, पण त्याआधीच सगळे आत येऊन बसले होते.

रविवारी विहारात वंदना झाली की वस्तीत पेपर वाचतात, हे तुम्हाला माहीत आहे. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. छापलेलं जे येईल ते सगळ्यांचं. वाचायचं काम सध्या माझ्याकडे आहे. त्या दिवशी चीनच्या लढाईच्या बातम्या संपल्या आणि बुधाजीबुवांचं लक्ष माझ्या पिशवीतल्या पाकिटाकडे गेलं. बुवा आमच्या जिनच्या बॉयलरवर आहेत, म्हातारे, पण नजर ससाण्याची.

"हे काय हाय रे?"

"माह्या अभ्यासाचे धडे हायेत, बुवा."

"छापेल हायेत न?"

"हायेत."

"मंग लपवून काहून राह्यला? वाच!"

धडे इंग्रजीत आहेत. एक ओळ वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची, असं सुरू केलं. पहिलंच वाक्य होतं : दुसऱ्यांकडून काम करून घेणे म्हणजे व्यवस्थापन. मग बुवा म्हणाले, "मंग आमच्या गावचा पाटील तं बिनपरीक्षेचा पास हाय!"

विहाराचे पत्रे हलले असतील, मामाजी, इतके लोक हसले. वाटलं, झालं, आता उठून जातील. कोणी उठलं नाही. पुढच्या रविवारी दुप्पट आले. तिसऱ्या धड्यात असं आहे की एका कामगारावर एकच वरिष्ठ असावा. सुंदरामाय सरकी काढणाऱ्या रेच्यावर कापूस टाकते. तिने बोटं मोजली. "मुकादम एक. फिटर दोन. तोलाईवाला तीन. आफिसातला बाबू चार. आन् घरी गेली का पाचवा हायेच."

मागून तिचा नवरा म्हणाला, "पाचव्याचं कोन आयकते वो?"

आता मी दर रविवारी एकेक धडा थोडा थोडा वाचतो. ते मध्येच थांबवतात, भांडतात, जिनमध्ये काय होतं ते सांगतात. वेळ जातो, हे खरं. पण मला न समजलेला धडा तिथे समजतो. का ते मला सांगता येत नाही.

तुमचा,
देवमन

*

अमरावती
९ डिसेंबर १९६२

चि. देवमन,

तुझे पत्र दुर्गाने दोनदा वाचून घेतले आणि दोन्ही वेळा पाटलाच्या जागी हसली. मी हसलो नाही.

वस्तीला एक व्यवस्थापक हवा आहे, श्रोते नकोत. श्रोते मी वीस वर्षे पाहतो आहे. मोर्शीपासून मेहकरपर्यंत किती सभा गाजवल्या असतील! लोक बैलबंड्या जुंपून येतात, टाळ्या वाजवतात आणि बंड्या जुंपून परत जातात. सुंदराबाईला पदविका मिळणार नाही, बुधाजीला मिळणार नाही. मिळाली तर तुला मिळेल, आणि तुझा रविवार हे लोक वाटून खात आहेत. प्रेमाने खात आहेत, पण खात आहेत. वाचन बंद कर.

जानराव

*

अकोला
१२ फेब्रुवारी १९६३

आदरणीय मामाजी,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले. वाचन बंद केलं नव्हतं, आणि तसं लिहायची हिंमत होत नव्हती. आता अडचण आली आहे म्हणून लिहितो.

प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या शेवटी एक वाक्य छापलेलं असतं : ही उत्तरे मी कोणाच्याही मदतीशिवाय लिहिली आहेत. खाली सही करायची. चारही धड्यांची उत्तरं मी लिहिली, पण ती जागा कोरी ठेवली. चारही परत आल्या. वर लाल शाईत लिहिलं आहे, सही करा म्हणजे तपासू.

मामाजी, कशी करू? कामात वेळ कुठे वाया जातो, या प्रश्नाचं उत्तर सुंदरामायने सांगितलं. आग लागू नये म्हणून कोणी कशावर लक्ष ठेवावं, हे बुवांशी भांडता भांडता सुचलं. मी लिहिलं, इंग्रजी माझं. पण मदतीशिवाय नाही.

छप्पन साली नागपूरला आपण एकाच ओळीत उभे होतो. खोटं बोलणार नाही, हे शील माझ्या शेजारी तुम्ही मोठ्याने म्हटलं होतं. मी तुमचा आवाज ऐकून म्हटलं. आता तुम्हीच सांगा.

तुमचा,
देवमन

*

अमरावती
१६ फेब्रुवारी १९६३

देवमन,

सही कर.

ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या टांगलेल्या आहेत, त्यांच्या मुलांना आजोबा इंग्रजी सांगतात, काका हिशेब सांगतात, शेजारचे वकीलसाहेब उत्तर तपासून देतात. ती मुले बिनदिक्कत सही करतात. त्यांच्या घरी त्याला मदत म्हणत नाहीत, संस्कार म्हणतात! आणि सुंदराबाई एक वाक्य बोलली की ती मदत? हा न्याय मला मान्य नाही. शील मलाही पाठ आहे. पण छापील रकान्यासाठी खुर्ची सोडावी, असे त्यात कुठे म्हटलेले नाही.

येत्या रविवारी मी अकोल्याला येतो आणि समोर उभा राहून सही करवून घेतो.

जानराव

*

अमरावती
२६ फेब्रुवारी १९६३

प्रिय देवमन,

परतताना मूर्तिजापूरपर्यंत मी बसमध्ये एक शब्द बोललो नाही. हे तुझ्या मामीला सांगितले तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले.

मी मागे दाराशी बसलो होतो. म्हटले, होऊ दे यांचे वाचन, मग देवमनला बाजूला घेऊ. तू चौथ्या धड्याची उजळणी करीत होतास. प्रश्न वाचलास : कामगार काम का करतो? कोणीतरी म्हणाले, "पोटासाठी." सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटले, संपले. याहून जास्त काय असणार? मी स्वतः शंभर व्यासपीठांवरून हेच सांगत आलो.

मग ती भिंतीला टेकलेली तरुण बाई बोलली. वच्छला नाव ना तिचे? मान वर न करता म्हणाली, "पोटासाठीच. पन एखांद्या दिवशी रुई चांगली निंगते. पांढरी फेक, एक डागी कवडी नाई, एक वाळेल पत्ती नाई. तवा मले लय बरं वाटते. कोनी पाह्यलं असतं तं आखीन बरं वाटलं असतं. पन पाह्यतं कोन?"

आणि तू पुढची ओळ वाचलीस. ती ओळ जवळजवळ तीच होती! चांगले काम कोणीतरी पाहावे, ही मजुरीइतकीच खरी भूक आहे. सात समुद्रांपलीकडच्या कोणा विद्वानाने लिहिलेले आणि मुंबईच्या संस्थेने छापलेले ते वाक्य. मी त्या पत्र्याखाली असा श्वास कधी ऐकला नव्हता. सगळ्यांनी एकदम आत घेतलेला. वच्छलाने तोंडावर पदर धरला. सुंदराबाई ओरडली, "माय वो! त्याले कसं मालूम? तो आपल्या जिनवर येऊन गेला काय?"

देवमन, मी पुस्तके पुष्कळ वाचली. पुस्तकाने माणसाला ओळखलेले मी त्या दिवशी पाहिले. आणि माणसांनी पुस्तकाला. एकही टाळी वाजली नाही. त्यांना टाळ्या वाजवायला सवडच नव्हती, विचारायचे होते. दाराशी बसून मी माझ्या सगळ्या सभा आठवत होतो आणि एकाही सभेत मला कोणी "थांबा" म्हटलेले आठवेना.

सही करू नकोस. जे खरे आहे ते संस्थेला लिही. खुर्ची जाईल, कदाचित. मला त्याची भीती वाटते, अजूनही वाटते. पण त्या पत्र्याखाली झाले त्याला "कोणाचीही मदत नाही" असे म्हणणारे वाक्य मी तुझ्याकडून लिहवून घेणार नाही.

तुझा मामा,
जानराव

*

अकोला
२१ एप्रिल १९६३

आदरणीय मामाजी,

खरं लिहिलं. उत्तर आलं. सभ्य भाषेत आहे, पण दोन वाक्यांत आहे. या उत्तरपत्रिका रद्द. पदविका हवी असेल तर पहिल्या धड्यापासून नव्या प्रश्नांची उत्तरं पाठवा, बाराही धडे, आणि प्रत्येकावर सही हवी. नाहीतर नाव कमी करू.

रविवारी पेपर झाल्यावर मी तेही वाचून दाखवलं. छापलेलं नव्हतं, टाइप केलेलं होतं, पण लपवावंसं वाटलं नाही. वाचून झाल्यावर म्हणालो, "मी नाव काढून घेतो. आपन आपलं वाचत राहू. धडे तं अजून येतीन कुठून ना कुठून."

सुंदरामाय उठून उभी राहिली. "तुह्या बापानं असंच केलं व्हतं. चौथीत शाळा सोडली. म्हने घरी भाऊ भुके हायेत. तू आता आमच्या नावानं सोडतं काय?"

"मंग काय करू, माय? तुमाले आयकू न देता वाचू?"

बुधाजीबुवा खाकरले. तुम्हाला माहीत नसेल, बुवांच्या तरुणपणी त्यांच्या गावाने आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता. मेलेलं ढोर ओढायला नकार दिला म्हणून. विहीर बंद, चक्की बंद, दुकान बंद, बोलणं बंद. बुवा ती गोष्ट कधी सांगत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "बहिष्काराचे कायदे मले पाठ हायेत. मी भोगले. आता मी घालतो."

त्यांनी काठीचं टोक माझ्याकडे केलं.

"या देवमनवर आजपासून वस्तीचा बहिष्कार. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत धड्याची गोष्ट याच्यासंगं कोनी बोलनार नाई. त्यानं इचारलं तं तोंड फिरवाचं. जिनवर बी, घरी बी. शालू, तू बी. हा इकून आला तं आपन तिकून जाचं." मग थोडं थांबले आणि म्हणाले, "पन पानी द्याचं."

मामाजी, हसावं की रडावं ते कोणालाच कळेना. वच्छला रडलीच. मी म्हणालो, "बुवा, मंग सही करताना ते खरं होईल काय? तुमी असं केलं, हे बी मदतच झाली न?"

"लिवनार कोन?"

"मी."

"आमी फकस्त गप राहनार. गप राहनाऱ्यानं पेपर लिवला असं आजवर कोन म्हनलं?"

माझं नाव मी काढून घेतलं नाही.

तुमचा,
देवमन

*

अमरावती
२५ एप्रिल १९६३

देवमन,

तुझे पत्र मी शाळेत, मधल्या सुटीत वाचले आणि घंटा झाली तरी वर्गात गेलो नाही. बहिष्कारावर मी किती व्याख्याने दिली! ते शस्त्र आहे, ते पाप आहे, ते मोडून काढले पाहिजे. बुधाजीने ते उचलले आणि त्याचे पाते घासून कुदळ केली. याहून अधिक आज मला लिहिता येत नाही.

तू फक्त लिही. उत्तरे त्यांना. पत्रे मला.

जानराव

*

अकोला
१५ सप्टेंबर १९६३

आदरणीय मामाजी,

बहिष्कार चालू आहे, आणि कडक आहे.

पहिले चार धडे मी मराठीत उतरवून दिले होते. रविवारी ते शालू वाचते. ती सातवी शिकलेली आहे, पण आवाज खणखणीत. त्या वेळेला मला विहाराजवळ राहायची मनाई आहे. मी मोर्णा नदीच्या काठी जाऊन बसतो. तिथूनही हसणं ऐकू येतं. शब्द ऐकू येऊ नयेत म्हणून मी मोठ्याने पाठ म्हणतो. परवा धोबी घाटावरून ओरडला, "मास्तर, कोनासंगं भांडून राह्यले?"

सहाव्या धड्यावर अडलो होतो. कामाच्या नोंदी कशा ठेवाव्या, असा धडा. मला माहीत होतं, हे सुंदरामायला विचारलं तर एका वाक्यात सुटेल. पाणी मागायच्या निमित्ताने तिच्या घरी गेलो. लोटा दिला. मी म्हणालो, "माय, समज एखांद्या बाईनं—" ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. म्हणाली, "पानी पेला असशीन तं जाय, बापू." तिचा आवाज असा झाला होता की मी परत विचारलं नाही.

आठ दिवसांनी तो धडा सुटला. माझा मलाच. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि सांगायला कोणी नव्हतं. घरी शालूला म्हणालो, "आज सुटलं." तिने कानावर हात ठेवले, आणि मग भाजीत जास्तीचं तेल घातलं.

नऊ धडे तपासून आले. सगळ्यांवर सही केली आहे, मामाजी, आणि सही करताना हात थांबला नाही. फेब्रुवारीत नागपूरला परीक्षा.

तुमचा,
देवमन

*

अकोला
२० एप्रिल १९६४

आदरणीय मामाजी,

तार केली ती मिळालीच असेल. पास झालो, दुसऱ्या वर्गात. संचालकांची बैठकही लवकर झाली. दोघे विरोधात होते, तरी सहायक व्यवस्थापक म्हणून मला घेतलं. एका हंगामाच्या अटीवर. कामाची रीत पाहतील, मग कायम करतील.

पदविका काल रविवारी वंदनेनंतर विहारात नेली. लोकांनी आधी हात धुतले. मग ती एकेकाच्या हातात गेली. तान्ह्या पोरासारखी धरत होते, खालून हात लावून. बुवांनी उलटी धरली होती, कोणी सुलटी करून दिली नाही. वच्छलाने माझ्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुमचं नाव हाय काय?" मी हो म्हणालो. ती बराच वेळ बोट काढेना.

मग सुंदरामाय म्हणाली, "वाच."

वाचली. अमुक याने अमुक परीक्षा उत्तीर्ण केली. संपलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"बाप्पा! एवढ्यासाठी आमी सालभर तोंडं शिवून बसलो?" ती म्हणाली, पण डोळे पुसत म्हणाली. मग बुवांनी काठी आपटली. "बहिष्कार उठला. आता काढ थो पाचवा धडा. चारच आयकले आमी. चारावर किती दिवस काढाचे?"

पाचवा धडा माझ्या पिशवीत होता. सोबत आणला होता, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तो धडा असा आहे : कामगारांना आज्ञा कशी द्यावी.

मामाजी, तुम्ही तिथे हवे होतात. यापुढे मी ज्यांना आज्ञा देणार, ते सगळे समोर मांडी घालून बसले होते. सुंदरामाय, वच्छला, बुवा. पेपर वाचणारा देवमन म्हणून मी शंभर वेळा त्यांच्यासमोर बसलो आहे, पण या वेळी ओळीवर बोट ठेवून वाचायला लागलो. दोन ओळी वाचल्या. आपल्या बोलीत सांगितल्या. तिसरी सुरू केली आणि सुंदरामाय म्हणाली, "थांब."

मी थांबलो.

"मले एक सांग, बापू. तू आता साहेब झाला. हे तू आमाले वाचून दाखवून राह्यला, का हुकूम करून राह्यला?"

कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मला कळलं की हा प्रश्न बाराही धड्यांत नव्हता.

"वाचून दाखवून राह्यलो, माय," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पदर सावरला आणि जरा पुढे सरकून बसली.

"मंग वाच."

तुमचा,
देवमन